रानाचे ताट



या महिन्याच्या पाठासाठी आयदक्की मारय्या आणि शरणी लक्कम्मा यांचा प्रसंग घेतला आहे. तो आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. दासोहाच्या पंक्तीत तो सांगितला जातो, श्रावणातल्या प्रवचनात तर हमखास येतो. परंतु आपण तो बहुधा घराच्या उंबऱ्याच्या आतच ठेवतो. आज तो बांधावर नेऊन वाचावयाचा आहे. आपल्या वाचकांतील पुष्कळ जण शेतकरी आहेत, आणि जे नोकरी-व्यापारात आहेत त्यांचेही घर दोन पिढ्यांमागे रानावरच चालत होते. तेव्हा हा पाठ कोणालाच परका नाही.

प्रसंग

हे दांपत्य रायचूर जिल्ह्यातील लिंगसूगूर भागातल्या अमरेश्वराच्या परिसरातले. बाराव्या शतकात ते कल्याणला येऊन राहिले. 'आयदक्की' म्हणजे वेचलेले तांदूळ. महात्मा बसवण्णांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले दाणे वेचावयाचे आणि त्यांवर जंगमदासोह चालवावयाचा, हे मारय्यांचे कायक. एके दिवशी अल्लमप्रभूंच्या सहवासात ते अनुभावात असे रमले की, कायकाची वेळ टळू लागली. लक्कम्मांनी आठवण करून दिली. मारय्या लगबगीने गेले. त्या दिवशी अंगणात दाणे नेहमीपेक्षा जास्त सांडले होते. बसवण्णांनी ते मुद्दामच सांडविले होते, असे परंपरा सांगते. मारय्यांनी ते सगळे वेचून घरी आणले.

लक्कम्मांनी ओटीतला तांदूळ पाहिला आणि हे जास्तीचे कोठून आले, असे विचारले. गरजेपलीकडचे घेणे शरणाला शोभत नाही, तेव्हा जेथून आणले तेथेच ते टाकून या, असे त्यांनी पतीला सांगितले. 'शून्यसंपादने'त हा प्रसंग विस्ताराने आला आहे.

प्रसंगातील तीन गोष्टी

पहिली गोष्ट. ते दाणे चोरीचे नव्हते. सांडलेले होते आणि वेचण्यास कोणाची मनाई नव्हती. तरीही लक्कम्मांच्या दृष्टीने ते शुद्ध नव्हते. सत्यशुद्ध कायकाची कसोटी कायद्याच्या कसोटीपेक्षा कडक आहे.

दुसरी गोष्ट. जास्तीचे दाणे कोणाला दान करा, असे लक्कम्मा म्हणाल्या नाहीत. उद्याच्या दासोहासाठी राखून ठेवा, असेही म्हणाल्या नाहीत. जेथून आणले तेथे परत द्या, एवढेच त्यांनी सांगितले. हा या प्रसंगाचा गाभा आहे. एकीकडून जास्त घ्यावयाचे आणि दुसरीकडे दान करून मन समाधानी ठेवावयाचे, ही सोय त्यांनी पतीला ठेवली नाही.

तिसरी गोष्ट. हे सांगणारी पत्नी आहे आणि ऐकणारा पती आहे. मारय्यांनी वाद न घालता ऐकले. आपल्या घरातून आलेला प्रश्न ऐकणे हाही भृत्याचारच आहे.

माझ्या घरात आलेला प्रश्न

येथे स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका गावी मी याच प्रसंगावर प्रवचन केले. दासोहावर तासभर बोललो. लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या मळ्यातला ऊस कारखान्याला जाऊन फड मोकळा झाला होता, म्हणून संध्याकाळी मी गड्याला पाचट पेटवायला सांगितले. आमच्याकडे बरीच वर्षे तसेच चालत आले होते. पाचटात साप-विंचू राहतात, खोडवा नीट फुटत नाही, पाणी पुढे सरकत नाही, ही आमची नेहमीची कारणे.

आमच्या अव्वा बांधावर उभ्या होत्या. जाळ बघून त्या म्हणाल्या, "काय रे, जेवून उठताना ताट धुऊन ते पाणी पितोस. एक शीत वाया घालवत नाहीस. आणि रानाचं ताट असं जाळतोस होय?"

मी काही उत्तर दिले नाही. उत्तर नव्हतेच. प्रसाद वाया घालवू नये म्हणून ताट धुऊन पिण्याचा संस्कार आपणांपैकी अनेकांना लहानपणीच मिळाला आहे. परंतु रानालाही ताट असते, हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते. त्याहून एक गोष्ट मनाला अधिक लागली. त्याच वर्षी उसाच्या बिलातून मी मठाच्या दासोहाला तांदूळ दिला होता आणि त्याचे मला समाधान होते. लक्कम्मांनी नाकारलेली सोय ती हीच. रानातून घेतलेले मी दुसरीकडे दिले, पण रानाला काही परत केले नाही.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आपल्याकडे रानात चर शिंपतात. कोणी तिला वेळा अमावास्या म्हणते, कोणी येळवस, तर कानडी मुलखात ती एळ्ळ अमावास्या. त्या दिवशी भूमातेला अंबील आणि घास देतो. आणि त्याच हंगामात, गाळप चालू असताना, तिच्या वर्षभराच्या अन्नाला काडी लावतो. ही विसंगती आपण पाहिली पाहिजे.

माती जेवते म्हणजे काय

बसवण्णांनी स्थावर आणि जंगम यांत दाखविलेला भेद आपणांस ठाऊक आहे. माती आपल्याला स्थावर वाटते. सातबाऱ्यावर, उताऱ्यावर तिची नोंदही स्थावर म्हणूनच होते. वस्तुतः निरोगी मातीच्या चिमूटभर भागात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. जिवाणू, बुरशी आणि त्यांवर जगणारे इतर बारीक जीव, त्यांच्या वर गांडुळे आणि किडे, असा हा मोठा परिवार आहे. पिकाचा पाला, मुळे, शेण यांतला कर्ब हे त्यांचे अन्न. ते खाताना त्या पाल्यात अडकलेले नत्र, स्फुरद, पालाश पिकाला मोकळे करून देतात. बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकट स्राव मातीचे कण एकत्र बांधतात. त्यामुळे माती भुसभुशीत राहते, पाणी मुरते आणि मुरलेले पाणी टिकते. खाऊन उरलेला, सहजी न कुजणारा काळसर भाग म्हणजे ह्यूमस. काळ्या रानाचा कस बराचसा त्यावर अवलंबून असतो.

रासायनिक खत पिकाला जेवू घालते. ते विष आहे असे म्हणणे बरोबर नाही. त्याच्याच जोरावर देशाने धान्याची टंचाई ओलांडली, हे विसरू नये. पण नुसत्या खतात या परिवाराचे अन्न असलेला कर्ब पुरेसा नसतो. पीक जेवले आणि माती उपाशी राहिली, असे वर्षानुवर्षे झाले म्हणजे रान कडक होते, पाण्याने चोपण होते आणि पहिल्याइतके पीक काढायला दरवर्षी जास्त पोती लागतात. हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

घरच्या घरी एक परीक्षा करून पाहा. आपल्या शेतातले एक वाळलेले ढेकूळ घ्या. बांधावर जुन्या झाडाखाली, जेथे नांगर कधी गेला नाही, तेथले दुसरे ढेकूळ घ्या. पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत ती अलगद सोडा. शेतातले ढेकूळ थोड्याच वेळात विरघळून पाणी गढूळ झाले आणि झाडाखालचे तसेच टिकून राहिले, तर फरक कशाचा हे सांगावे लागणार नाही. जमीन एकच, पाऊस एकच. झाडाने आपला पाला जेथून घेतला तेथेच टाकला. आपण तो नेला किंवा जाळला.

हिशेब

प्रवचनात हिशेब नसतो, कायकात तो असावा लागतो. माती-परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यापेक्षा खाली असल्यास तो कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम आणि त्यावर जास्त, असे सामान्यतः मानतात. केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत जे १२ घटक तपासले जातात, त्यांत हा कर्ब आहे. आमच्या पत्रिकेत त्यापुढे 'कमी' असा शेरा होता.

एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट मिळते, म्हणजे एकरी ३ ते ४ टन. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. पेटविल्यावर कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते. राखेत पालाश उरतो, पण राख वाऱ्याने उडून जाऊ शकते. एकरी १५ ते २० किलो नत्र आपण एका संध्याकाळी धुरात घालवितो आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन युरियाचे पोते आणतो.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहू. एक एकर जमिनीच्या वरच्या वीतभर थराचे वजन सुमारे ९ लाख किलो भरते. त्यात कर्ब ०.१ टक्क्याने वाढवावयाचा तर सुमारे ९०० किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. एका वर्षाच्या पाचटातून सव्वा टनाच्या आसपास कर्ब जातो खरा, परंतु त्यातला बहुतेक सूक्ष्म जीव खाऊन श्वासावाटे सोडून देतात. आठवा-दहावा भाग टिकला तरी पुष्कळ. म्हणजे नुसत्या पाचटाने एवढी वाढ व्हायला पाच-सात वर्षे सहज जातात. जो एका हंगामात माती सुधारून देतो म्हणतो, त्याचा माल घेऊ नये. दासोह एका दिवसाचा नसतो. मारय्या रोज वेचत होते.

इंदूरचा धडा

आपल्या इंदूरच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगतो. १९२४ साली इंदूरला वनस्पती-उद्योगाची एक संशोधन संस्था निघाली. तिचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ होते. पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन, पाण्याचा ओलावा ठेवून, तीनदा उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत तेथे बसविली गेली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. तिच्यावरचे १९३१ सालचे पुस्तक हॉवर्ड यांनी यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्याबरोबर लिहिले. जगातल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीचे एक मूळ असे आपल्याच उकिरड्यात आहे. हॉवर्ड येथल्या शेतकऱ्यांना आपले गुरू मानीत. आपण मात्र तो उकिरडा विकून टाकला.

इंदूर पद्धतीचे मर्म समजण्यासारखे आहे. काडी-पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे असते. पाचटात नत्राच्या कितीतरी पट कर्ब, तर जिवाणूंच्या अंगात जेमतेम आठपट. म्हणून नुसते पाचट दिले की जिवाणू मातीतले नत्र उचलतात, खोडवा पिवळा पडतो आणि आपण पाचटाला दोष देतो. शेण-मूत वा हिरवा पाला बरोबर दिला की ही उणीव भरून निघते. पंक्तीत भाताबरोबर आमटी वाढावी लागते, तसेच हे.

काय करावे

१) पाचट पेटवू नये. उसाचे बुडखे जमिनीलगत छाटावेत आणि पाचट एकाआड एक सरीत दाबून पसरावे. शिफारस अशी आहे की, दर टन पाचटावर ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. ज्यांना रासायनिक खत अजिबात वापरावयाचे नाही, त्यांनी युरियाऐवजी शेणकाला भरपूर आणि पुनःपुन्हा द्यावा. कुजण्यास वेळ जास्त लागेल, हे धरून चालावे. ज्या सरीत पाचट नाही तिच्यातून पाणी जाते, तेव्हा पाणी अडण्याची तक्रार राहत नाही.

२) शेण विकू नये आणि कच्चे शेण रानात टाकू नये. कच्च्या शेणात हुमणी वाढते. इंदूर पद्धतीने वा गांडुळांकडून ते मुरवून घ्यावे. श्री. सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेले जीवामृत करणे सोपे आहे. १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती २०० लिटर पाण्यात कालवून दोन-तीन दिवस ढवळावे. एका एकराला तेवढे पुरते. मात्र हे विरजणासारखे आहे. विरजण आहे पण दूधच नाही, असे होऊ नये. रानात पालापाचोळा नसेल तर नुसत्या जीवामृताने फारसे काही साधणार नाही.

३) जमीन उघडी ठेवू नये. दोन पिकांच्या मधल्या काळात ताग किंवा धैंचा पेरावा आणि फुलावर येताच, ४५ ते ५० दिवसांत, गाडावा. उघड्या रानावर ऊन आणि वळीव सरळ आदळतात आणि वरचा कसदार थर ओढ्याला जातो.

४) उसावर ऊस, तंबाखूवर तंबाखू घेऊ नये. मधे हरभरा, चवळी, भुईमूग, सोयाबीन असे द्विदल पीक असावे. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र धरून देतात. शक्य असेल तेथे ते पीक उपटू नये, कापून घ्यावे. मुळे रानाचा वाटा समजावीत.

५) नांगरट बेताची करावी. दरवर्षी खोल नांगरट केली की बुरशीचे धागे तुटतात, गांडुळांची बिळे मोडतात आणि आतला कर्ब लवकर जळून जातो. कोल्हापूरचे श्री. प्र. र. चिपळूणकर यांनी नांगरणीशिवाय शेतीचा स्वतःचा अनुभव लिहून ठेवला आहे. तो वाचण्याजोगा आहे.

६) पाणी मोजून द्यावे. कृष्णाकाठी, विशेषतः शिरोळ भागात, पाण्याच्या अतिवापराने आणि निचऱ्याच्या अभावी चांगली काळी राने क्षारपड झाली. पाणीही गरजेपुरतेच घ्यावयाचे असते, जास्तीचे नाही.

घाई करू नये

हे वाचून कोणी एकदम सगळे खत बंद करू नये. श्रीलंकेत २०२१ साली सरकारने रासायनिक खताची आयात एकाएकी बंद केली. भाताचे उत्पादन घटले, चहाला फटका बसला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. याउलट सिक्कीमने २००३ साली सेंद्रिय शेतीचा मार्ग धरला आणि २०१६ साली ते राज्य पूर्ण सेंद्रिय म्हणून जाहीर झाले. मधे तेरा वर्षे गेली. उपाशी मातीला आधी जेवू घालावे लागते, मग तिच्याकडून कामाची अपेक्षा करावी. सुरुवातीची दोन-तीन वर्षे उत्पन्न कमी येण्याची शक्यता असते. कर्ज डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याने चार एकरांतले अर्धा एकर घ्यावे आणि बाकीच्या रानात फक्त पाचट जाळणे थांबवावे. संसार मोडून केलेला प्रयोग हे कायक नव्हे.

आमचेही पहिल्या वर्षी चुकले. पाचटावर नत्र दिले नाही, खोडवा पिवळा पडला आणि शेजारी हसले. दुसऱ्या वर्षी शेणकाला दिला. आता पावसाळ्यात त्या रानात हाताने उकरले तर गांडुळे लागतात. कर्बाचा आकडा अजून फार हललेला नाही, हेही सांगितले पाहिजे.

ज्यांचे स्वतःचे रान नाही त्यांच्यासाठी

पुष्कळ जण जमीन वाट्याने किंवा खंडाने देऊन शहरात राहतात. खंड एका वर्षाचा असेल तर कसणारा खत कशाला घालील? पुढच्या वर्षी ते रान दुसऱ्याकडे जाणार. मातीला ओरबाडण्याचा दोष त्याच्या माथी मारण्याआधी मालकाने स्वतःकडे पाहावे. मठ-मंदिरांच्या जमिनींचा जेथे दरसाल लिलाव होतो, तेथेही हेच घडते. सर्वांत जास्त बोली बोलणारा आपले पैसे त्याच वर्षात मातीतून काढून घेतो. त्या खंडातून दासोह चालत असेल, तर पंक्तीत वाढलेला भात कोणत्या मातीच्या उपासावर शिजला, हा लक्कम्मांचा प्रश्न आपणा सर्वांना लागू आहे. कायद्यात बसेल त्या रीतीने कसणाऱ्याला पाच-सात वर्षांची खात्री द्यावी, खंड थोडा कमी घ्यावा आणि पाचट न जाळण्याची व खत घालण्याची अट ठेवावी. हे विश्वस्तांच्या हातातले आहे.

या महिन्याचा नेम

शेतकऱ्यांनी यंदा एका सरीचे तरी पाचट न जाळता ठेवावे. गृहिणींनी भाजीची देठे आणि साली उकिरड्यातल्या प्लॅस्टिकपासून वेगळ्या ठेवून परसात कुजवाव्यात. मुलांनी दोन ढेकळांची परीक्षा करून काय दिसले ते वहीत लिहावे.

चिंतनासाठी प्रश्न

१) लक्कम्मांनी जास्तीचे दाणे दान करावयास न सांगता परत टाकावयास का सांगितले?

२) गेल्या वर्षी आपण रानातून किती गाड्या माल बाहेर नेला, आणि रानात किती गाड्या खत आत आले?

३) आपल्या घरात असा प्रश्न कोणी विचारला होता काय? आपण त्याचे काय केले?

रात्री जेवून उठताना आपण ताट धुऊन पाणी प्याल, तेव्हा क्षणभर आपल्या रानाचेही ताट आठवावे, एवढीच विनंती.

शरणु शरणार्थी.